वंगणाची वही

गाडी मुर्मानची. अंगणही त्याचंच,
आणि अंगणावर मांडव धरलेली द्राक्षाची वेल.
मी या घरात आलो मार्चमध्ये,
पाने-पकडींची एक पेटी घेऊन, नवे बूट घालून.
जुने घालून येऊ नकोस, इयाने बजावलं होतं.

नीवाच्या पुढच्या कप्प्यात एक वही सापडली,
शाळेतली, चौकटींची.
तारीख, किलोमीटर, किती लिटर.
बारा वर्षं. अक्षर वाकडं, आकडे मात्र ताठ.
शेवटची ओळ: एक लाख त्रेचाळीस हजार दोनशे.
त्यानंतर क्विरिलाला दोनदा पूर येऊन गेला,
इया तीच गाडी बाजारापुरती चालवत राहिली,
आणि वहीत कुणी काही लिहिलं नाही.

तेल बदलायला हवं, मी म्हणालो.
ती चहा ओतत होती. म्हणाली, बदल की.
त्या ‘की’मध्ये काय होतं
ते मला अजून नीट सांगता येत नाही.

इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं.
गार तेल हट्टी असतं, तळाला बसून राहतं.
मग पाठीखाली पुठ्ठा घेऊन सरपटत आत.
बूच सुटलं. आधी धार, मग दोरा,
मग थेंब, आणि बऱ्याच वेळाने आणखी एक थेंब.
घमेल्यात काजळ. त्यात वेलीची पानं दिसत होती
आणि उलटा मी.

फिल्टर मात्र ढिम्म.
पट्टा लावला, घसरला. पॉलिश पेपर गुंडाळला, तोही घसरला.
हा माणूस फिल्टर आवळायचा की कुणावरचा राग काढायचा?
शेवटी स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकला
आणि पिरगाळला, कोंबडीची मान पिरगाळावी तसा.
तेल मनगटावर, कोपरावर, बाहीतून थेट काखेत.

ओतार पायरीवर बसून बघत होता.
वय वर्षं नऊ. सूर्यफुलाच्या बिया फोडत,
टरफलं नेमकी माझ्या पेटीच्या दिशेने.
मार्चपासून तो माझ्याशी बोलला नव्हता.

नवा फिल्टर निळा. त्याच्या रबरी कडीला
बोटाने तेल लावलं, हातानेच बसवला,
टेकल्यावर पाऊण फेरा, शिकवलं होतं तसा.
नरसाळ्यातून चार लिटर काकवी.
किल्ली फिरवली

आणि खालून भस्सकन!
इंजिन बंद करेपर्यंत निम्मं तेल फरशीवर,
माझ्या नव्या बुटांखालून
वेलीच्या बुंध्याकडे निघालेलं.

ओतार उठून घरात गेला.
वाटलं, आईला सांगायला. नाहीतर मनसोक्त हसायला.
तो आला चुलीतल्या राखेची बादली दोन्ही हातांनी ओढत.
ओतली, आधी वेलीच्या बाजूने.
मग म्हणाला, बादलीशीच बोलावं तसं,
जुनी कडी आत राहिली असेल.
चिकटून राहते ती. बाबा बोट फिरवून बघायचे.

मी बोट फिरवलं.
होती. चपटी, कडक, इंजिनाला धरून बसलेली,
डब्याच्या तळाशी विसरलेलं कडबोळं.
तिच्याच डोक्यावर मी माझी नवी कडी आवळली होती.

माझ्या नखाला ती दाद देईना.
त्याची बोटं बारीक. गाडीखाली शिरला,
जीभ दातांत धरून सोलून काढली, अखंड.
उजेडात धरून पाहिली.
फेकली नाही. खिशात टाकली.

दुकान बंद व्हायच्या आत आम्ही चालत गेलो,
आणखी दोन लिटर आणले.
डबा त्याने उचलला, चर्चच्या वळणापर्यंत.
तिथून पुढे मी. बोलणं असं काही नाही.

रात्री वही काढली. तारीख. किलोमीटर.
मुर्मानच्या ओळीखाली हात जरा थरथरला,
तेलाचा वास गेला नव्हता अजून.
लिटर: चार.

सहा, ओतार मागून म्हणाला. सहा गेले.

मी चार खोडलं.