दुरुस्तीचा कागद

वर कोर्ट, खाली तळघरात मी.
सोमवार आणि गुरुवार, नऊ ते चार.
गरम पाण्याचा पाइप छतातून खोकत जातो.

व्हेइको लाहटी आले तेव्हा एप्रिल होता,
तरी सुपिरियरच्या काठावर अजून घोटाभर बर्फ.
दारावरच्या रखवालदाराने कांडी फिरवली,
डाव्या खांद्यापाशी ती किंचाळली.
"खिसे रिकामे करा, आजोबा."
"केलेत. ते खिशात नाही."

बुटांच्या खोक्यातून निघालं ते एवढंच:
कोरियातून आईला लिहिलेलं एक फिनिश पत्र,
ज्यात जखमेबद्दल अक्षर नाही,
फक्त, 'आता उजव्या हाताने लिहायला शिकतोय'.
खाणीच्या डॉक्टरने अठ्ठ्याऐंशी साली काढलेला एक्स-रे,
दिव्याशी धरला तर
फासळ्यांच्या वरच्या धुक्यात
गव्हाच्या दाण्याएवढं पांढरं.
आणि सैन्यातून सुटल्याचा कागद,
त्यावर पदकांच्या रकान्यात दोन ओळी.
तिसरी नाही.

मूळ फाइल सेंट लुइसच्या आगीत गेली.
उरलेल्या पानांच्या प्रती मागवल्या, त्या आल्या:
कडा करपलेल्या,
मधोमध फक्त रक्तगट शाबूत.
सरकारच्या लेखी ते जखमी झालेच नाहीत.
लेखी. किती नेमका शब्द आहे.

अर्जातला प्रश्न: चूक कळल्यापासून तीन वर्षांत
अर्ज का केला नाही?
मी वाचून दाखवला.
त्यांनी टोपी गुडघ्यावर उलटी ठेवली.
"खाणीत होतो," म्हणाले.
मग, "नंतर एल्साचं आजारपण."
मग बराच वेळ पाइपच खोकत राहिला.
"आणि मागायचं कोणत्या तोंडाने? मी वाचलो होतो ना."

मी लिहिलं: 'अर्जदारास माहिती नव्हती.'
असंच लिहायचं असतं.

साक्षीदार?
"टिलरी. अँब्रोस टिलरी, जॉर्जियाचा.
औषधांची पिशवी त्याच्याकडे असायची.
त्याने पट्टी बांधली, दातांनी गाठ आवळली,
माझ्या बटणाला चिठ्ठी अडकवली: नाव, वेळ, जखम.
म्हणाला, ही हरवू नकोस, हाच तुझा पुरावा.
चिठ्ठी जपानच्या इस्पितळापर्यंत पोचली नाही.
तो तर सकाळपर्यंतही नाही."

चौदा महिन्यांनी उत्तर आलं.
जुना कागद कोणी खोडत नाही, हे लोकांना ठाऊक नसतं.
तो तसाच राहतो, आपल्या चुकीसकट,
त्याला फक्त दुसरा एक कागद जोडतात:
अमुक रकान्यात अमुक वाढवावे.
सत्तर वर्षांनी एक ओळ वाढली.

लाहटी आले. कांडी किंचाळली.
रखवालदाराने या वेळी खिशांचं नाव काढलं नाही,
दार उघडून धरलं.

डबी मीच उघडून दिली.
जांभळी फीत, सोनेरी काठ, मधे कुणाचा तरी चेहरा.
त्यांनी ती जवळ धरून पाहिली, लांब धरून पाहिली,
उलटी करून पाहिली,
मग मिटून कोटाच्या खिशात टाकली.
"आता दोनदा वाजेल," म्हणाले.
हसले नाहीत.

उठता उठता पुन्हा बसले.
"टिलरीच्या कागदावर काय लिहिलंय?"
मला माहीत नव्हतं.
"असाच एक कोरा अर्ज द्या."
मी सांगितलं, गेलेल्या माणसासाठी नातलगच अर्ज करू शकतात,
रक्ताचं नाहीतर लग्नाचं नातं लागतं.
तरी दिला. पेनही दिलं.

त्यांनी ते डाव्या हातात धरलं.
अर्जदाराचं नाव, मोठ्या अक्षरांत.
पत्ता.
मग 'मृताशी नातं' या रकान्यापाशी थांबले.
उजवा अंगठा बराच वेळ खांद्यावरून फिरत राहिला
आणि त्यांनी लिहिलं: गाठ.