मधोमध

माझा काका फ्रेंच काठावर ओदिलों होता,
पूल ओलांडला की ओडिल.
बाप्तिस्म्याच्या वहीत तिसरंच काही,
पाद्र्याची शाई पुरात पसरली होती.
खरं नाव कोणतं, विचारलं
की म्हणायचा, हाक कोण मारतंय त्यावर आहे.
वाण्यानं उधारीसाठी मारली, तर कुठलंच नाही.

नदीचंही तसंच.
वरून येते तेव्हा लिस,
खाली उतरते तेव्हा लेये,
आणि आमच्या दारात, कोमिनला,
दोन्ही नावं एकाच पाण्यात भिजत पडलेली
जवसाच्या पेंढ्यांसारखी.

पेंढ्या मी पाहिल्यात.
लाकडी खोक्यांत उभ्या रचायच्या,
वर दगड ठेवून बुडवायच्या.
आठ-दहा दिवसांत काडी सडते
आणि आतला धागा मोकळा होतो.
लोक तिला सोन्याची नदी म्हणत.
म्हणणारे बहुधा लांब राहणारे.
आमच्या वाट्याला वास:
पावात, उशीत, थेट नवरीच्या ओढणीत.
आई म्हणायची, श्रीमंतांच्या चादरी
आधी आपल्या नाकातून जातात.

सरहद्द पाण्याच्या मधोमध.
नकाशात तुटक रेघ,
काकाच्या लेखी तीन मिनिटांचं पोहणं.
तुर्क नावाचा कुत्रा होता त्याचा, काळा, एक कान फाटका.
पिल्लू होता तेव्हा काका
जकातवाल्याचा जुना कोट चढवून त्याला बदडायचा,
कोट उतरवून हाड द्यायचा.
मग जन्मभर तुर्कला कोटांची धास्ती
आणि काकाची माया.
पोटाला तंबाखू बांधून रात्री तो पाण्यात शिरे,
कान तेवढे वर.
एकदा परतलाच नाही.
काका सकाळी दोन्ही काठ चालला,
दोन्ही भाषांत हाका मारल्या,
मग शिट्टी.
दुपारपर्यंत शिट्टी.

त्याआधीचं युद्ध मी पाहिलं नाही.
घंटाघर पाहिलं. वय माझ्या वडिलांहून कमी,
तोंडावर मात्र चारशे वर्षांचा आव.
आणि नांगराला लागलेले तोफगोळे,
जे शेतकरी अजून विजेच्या खांबाशी ठेवतात
दुधाच्या कॅनसारखे,
गाडी येऊन उचलून नेईल म्हणून.

पुढे त्रेसष्टच्या सप्टेंबरात
जागचे न हलता आम्ही प्रांत बदलला.
झोपलो फ्लाँडर्समध्ये, उठलो एनोमध्ये.
ब्रुसेल्सला कुणी भाषांची रेघ ओढली होती.
शेजारच्या मादाम देस्मेतनं खिडकी उघडून
कोबी जागेवर आहेत ना, तेवढं पाहिलं.
पोस्टमनला नवा शिक्का मिळाला, त्याची ऐट आठवते.
काकाचं पेन्शन तीन महिने वाटेत हरवलं,
ओडिलसाठी निघालेलं,
ओदिलोंकडे सही मागत बसलेलं.

मग नदीच सरळ केली.
मोठ्या मालबोटींना वळणं जमत नव्हती.
पाणी नव्या कालव्यात गेलं,
मागे राहिली लव्हाळी, पाणकोंबड्या,
आणि ती तुटक रेघ,
जिला नदी निघून गेल्याचं
बरीच वर्षं कुणी कळवलंच नाही.
कोरड्यात उभी, अर्ध्या कुरणातून जाणारी,
तिच्यावर गाई बसत.

मी आता बांधाच्या दारांवर कामाला.
रोज सातला पाण्याची पातळी लिहितो.
फ्रेंच साहेब फोनवर आकडा मागतो,
फ्लेमिश साहेब दहा मिनिटांनी तोच मागतो
आणि दोघंही विचारतात, नक्की ना?

परवा गाळ काढताना
चामड्याचा एक पट्टा वर आला, बक्कल गंजून गेलेलं.
तुर्कचा असेल. नसेलही.
जकातवाल्यांकडेही कुत्रे होते.
धुतला, खिडकीत वाळत घातला.
वास काही जात नाही.
संध्याकाळी जुन्या वळणापर्यंत गेलो,
दोन बोटं तोंडात घालून फुंकलं;
नुसती हवा निघाली.
शिट्टी मला काकानं कधी शिकवलीच नाही.