पडवळ

वखारीच्या पत्र्याखाली पडवळ पडलाय.
पडवळ म्हणजे आमचा कुत्रा, लांबडा म्हणून.
निपाणीतला एप्रिल,
वीतभर जीभ बाहेर, धापा नुसत्या.

अक्काताईची नात विचारते,
“आज्जी, ह्यो मला चिडवालाय?”
अक्काताई पदराआडून हसते, मग खोकते;
तंबाखूची धूळ हसू देत नाही धड.

जनावरांच्या दवाखान्यातला बसाप्पा सायकल थांबवतो.
“त्याला आपल्यागत अंगभर घाम नाही, पुट्टी.
आतलं ऊन जिभेवाटं बाहेर टाकतंय ते.”

पोरगी लगेच त्याच्याशेजारी बसली,
जीभ काढून.
हा हा हा हा.

मी काट्यावर. वजनं लिहितो.
शेठ वाकून म्हणाला, “कडता दोन किलो धर.”
नियम एकाचा. समोर शेतकरी उभा,
माझ्याच तोंडाकडं बघत.
मी दोन लिहिले.

रात्री दार लावून
आरशासमोर जीभ काढली.
पांढरी, कोरडी.
बराच वेळ तशीच धरली. काही बाहेर आलं नाही.

मागून बायको म्हणाली,
“पोट बिघडलंय तुमचं.
एरंडेल घ्या.”