पाट्या काढणारा

साडेअकराला माझी पाळी सुरू होते.
मी काही शोधत नाही, काही मोजत नाही.
मी पाट्या काढतो.

ला रोकेत दोन किलोमीटर, शाळा, सावकाश,
उजवीकडे कत्तलखाना :
बोल्ट सैल करायचे, पाटी गवतात निजवायची,
दिव्याचा खांब बुंध्याशी वाकवून
जमिनीला टेकवायचा.
मग गोल चौकात उरतात नुसते चिनार आणि मी,
आणि दुरून, बंदराकडून, ते धूड येतं,
साडेतीनशे चाकांवर,
काठी टेकत जाणाऱ्या माणसाच्या चालीनं.

पहिल्या वर्षी अख्खा गाव खुर्च्या टाकून बसला होता.
आता फक्त मादाम ताव्हेर्निए उठते,
खिडकीतून विचारते, "आज कुठलं?"
"कोरियाचं."
परवा जपानचं होतं, त्याआधी चीनचं.
"इटलीचं आलं की हाक मार," म्हणते.
नवरा इटलीचा होता तिचा. गेला तो गेलाच.

टेकडीमागे हे सगळं जोडून
भांड्यात सूर्य करणार आहेत म्हणे.
बाप माझा कलिंगडं पिकवायचा.
असता तर म्हणाला असता, सूर्याची टंचाई कधी होती रे आपल्याकडे?
त्याचं आणि शेजारच्या इकारचं
भिंतीवरून तीस वर्षं कोर्ट चाललं.
जागा वीतभर.
दोघं गेले, भिंत आहे.

आणि इथे, एकमेकांना कधी न पाहिलेले दोन तुकडे,
एक या समुद्राकाठी ओतलेला, एक त्या,
केसाच्या अंतरात जुळायला हवेत.

एकदा नाहीच जुळले.
काठ एका बाजूनं केसभर पुढे.
"केस कुणाचा?" मी विचारलं.
बेक बाई हसल्या नाहीत.
सात महिने बैठका. प्रत्येकाची पट्टी खरी.
दुभाष्याचा घसा बसला, कॉफीचं यंत्र दोनदा जळलं.
शेवटी कानस चालवली.
कुणाच्या बाजूनं घासलं
ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही, म्हणतात.
त्या रात्री मी घरी जाताना
गाडी थांबवून भिंतीजवळ उगाच उभा राहिलो.

त्याच वर्षी दोन देशांचं बोलणं तुटलं होतं.
त्यांच्या पेट्या एकाच शेडमध्ये होत्या,
ताडपत्रीला ताडपत्री लागून.
जागाच तेवढी होती.

आज गाडी चौकातच अडकली. एका चाकातलं तेल.
बेक बाई चिनाराखाली थर्मास घेऊन उभ्या,
भाजलेल्या जवाचा चहा, कडसर.
मी पाव दिला, खारवलेल्या माशाचा.
त्या म्हणाल्या, हा तुकडा करायला घेतला
तेव्हा पोरगी पोटात होती,
आता तिचे दुधाचे दात पडतायत.
हे पेटेल तेव्हा मी निवृत्त असेन.
मी म्हटलं, मी चर्चमागे असेन, डाव्या रांगेत,
जागा घेऊन ठेवली आहे.
यावर हसल्या. नको तिथे हसतात.

मेकॅनिक गाडीखाली घुसला, पाय तेवढे बाहेर.
वारा सुटला, मिस्त्राल,
ताडपत्री फुगली आणि बसली,
आत कुणी कूस बदलावी तशी.

तीन वाजता एक ट्रकवाला आला, परका, दमलेला,
मागे पीचची खोकी.
रस्त्याला एक पाटी नाही, एक दिवा नाही.
काच खाली करून म्हणाला,
"अहो, हा रस्ता जातो कुठे?"

मी गवतात पाहिलं. शाळा आभाळाकडे तोंड करून पडली होती,
सावकाश तिच्यावर आडवी.
बारा वर्षं झाली या कामाला.
उत्तर तोंडावर आलं नाही.

"थांबा जरा," म्हटलं,
"आधी हे जाऊ दे."

त्यानं इंजिन बंद केलं.
एक पीच पुसून माझ्या हातावर ठेवला.