उजव्या हाताचा नियम

साकीनाक्याच्या रात्रशाळेत
लोहकीस संपला होता. मुबीन परकारने
कामावरून आणला,
फरसाणच्या पिशवीत.

पुठ्ठ्यातून उभी तार. बटण दाबलं,
कडेला टिचकी मारली,
तसा कीस सरकत सरकत
तारेभोवती फेर धरून थांबला.
तारेला न शिवता.

आणि मी सवयीने म्हणून गेले:
तार उजव्या मुठीत धरलीय समजा,
अंगठा दाखवेल तिकडे प्रवाह,
बोटं वळतील तसं चुंबकीय क्षेत्र.

एकोणीस मुठी वळल्या.
मुबीनचीही.
अंगठा मे महिन्यात
प्रेसखाली गेलेला.

मी उगाच डस्टर शोधू लागले.

"बाई, वरच ना?"
त्याची चार बोटं बरोबर वळलेली.
आणि वर, जिथे काहीच नव्हतं,
तिकडे सगळा वर्ग बघत होता.