मागणारा पुढे

रात्री अपडेट झालं आणि सकाळी
हेल्तेर्मा बंदरातलं पाणी मोजणारा प्रोग्रॅम
उभाच राहीना.
फाईल न् फाईल एकेकटी धड होती,
कंपायलरची कुणाबद्दल तक्रार नव्हती.
अडलं ते जोडताना.
लिंकर म्हणाला: अनडिफाइन्ड रेफरन्स.
म्हणजे, नाव घेताय खरं,
पण या नावाचं इथं कुणी राहत नाही.

एकशे सत्तेचाळीस वेळा म्हणाला.

मी शोधलं. लायब्ररी होती की,
आपल्या फोल्डरात, आपल्या नावानिशी,
काल होती तिथंच.
काढून पुन्हा घातली.
जुन्या पत्त्यावरून नव्याकडे बोट दाखवणारी लिंक केली.
कॉफी केली. कॉफी विसरले.
खिडकीबाहेर फेरीच्या वाटेवर फुटका, राखाडी बर्फ
आणि दर दहा मिनिटांनी दारात माइरे:
"साडेचारच्या फेरीला आकडा देणार ना, वीर्वे?"

शेवटी एन्देलना फोन लावला.
हे सगळं त्यांनी लिहिलेलं, सत्त्याण्णव साली.
आता बेटाच्या त्या टोकाला मधमाश्या पाळतात
आणि हिवाळाभर खोक्यांना कान लावून बसतात.
"कमांड वाचून दाखव." वाचली.
"लायब्ररी पुढे का?"
तुम्हीच ठेवलीत.
"तेव्हा चालायचं. तेव्हाचा लिंकर भिडस्त,
आल्यागेल्याला बसवून घ्यायचा.
हा डावीकडून उजवीकडे एकदाच चालत जातो.
ज्याची गरज अजून कुणी बोललंच नाही
त्याला दारातून परत लावतो.
मागणाऱ्याला पुढे ठेव,
देणाऱ्याला मागे."

एक शब्द उचलून ओळीच्या शेवटी ठेवला.
एकशे शेहेचाळीस गेले.

उरलं एक. परांद, म्हणजे दुरुस्ती.
ते मात्र खरंच कुठं नव्हतं:
बत्तीस बिटांच्या जुन्या गाठोड्यात बंद,
नव्या यंत्राला न उलगडणारं,
आणि मूळ मजकूर कधीच हरवलेला.
एन्देल बोलेनात.
चुलीत लाकूड सरकल्याचा आवाज आला.
मग आठवून सांगू लागले, सावकाश,
कंस उघड, कंस मिट,
मी टाइप करत गेले.
"आणि शेवटी वजा चार सेंटिमीटर."
चार का?
"मोजायचा खांब कललाय. दोन हजार तीनचा बर्फ.
सरळ करायला माणूस मागितला होता.
आला नाही."
खांब तर गेल्या जुलैत नवा बसवला, मी म्हटलं.
"अस्सं. मला कुणी सांगितलं नाही."

वजाबाकी खोडली.
म्हणजे जुलैपासून आम्ही समुद्राला
चार बोटं... नाही, चार सेंटिमीटर बुटका सांगत होतो
आणि त्याने हरकत घेतली नव्हती.

एंटर.
लिंकर काहीच म्हणाला नाही.
सगळं जुळलं की तो काही म्हणत नाही,
कर्सर खालच्या ओळीवर येऊन लुकलुकत राहतो.
माइरे आकडा घेऊन धावली.

"चाललं?"
चाललं. तुमच्या माश्या?
"चौथ्या खोक्यातून," एन्देल म्हणाले,
"मंगळवारपासून आवाज नाही."