काना

रात्र महाविद्यालयाच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली
तसा थोडा कापूस उडाला.
आसन क्रमांक एकशे सदतीस.
नरसिंग इराबत्ती, मागच्या बाकावरचा.
टॉवेलाच्या मागावरून थेट येतो,
कानात खडखडाट असतो अजून, म्हणून मोठ्यानं बोलतो.

प्रश्न चौथा : राजाच्या दैवी हक्कापासून
सामाजिक करारापर्यंतचा प्रवास लिहा. गुण दहा.

सुरुवात पाठ केलेली :
राजा देवाचा अंश. पोप मोठा की राजा, हे भांडण.
धर्मावरून तीस वर्षं कत्तल.
मग एका मंगळवारी लंडनला, राजवाड्यासमोर,
राजाचं मुंडकं उडवलं
आणि आभाळातून काहीच कोसळलं नाही.
(शेवटची ओळ माझ्या नोट्समध्ये नव्हती.)

पुढं शाई बदलते.
सर, पुस्तक म्हणतं सगळ्यांनी मिळून करार केला.
कितीच्या स्टँपवर? साक्षीला कोण?
माझी आई रोज हजार विड्या वळते,
मुकादम मूठभर छाट म्हणून बाजूला काढतो,
त्याचे पैसे नाहीत, विड्याही परत नाहीत.
तिला कुणी सहीला बोलावलं नाही.
बोलावलं असतं तर आली असती,
तेलुगूत सही येते तिला.

आणि राज्य नसलं की माणूस माणसाला फाडतो म्हणतात,
तर तीस सालच्या मे महिन्यात
सोलापुरात तीन दिवस सरकारच नव्हतं.
पणजा सांगायचा, रहदारीला पोरं उभी राहिली,
टांगे डावीकडूनच गेले.
फाडाफाडी नंतर. मार्शल लॉ आल्यावर.

समासात मी लिहिलं : कोर्ट जाळलं होतं, तेही लिहा.

कन्ना चौकात शेवटची रिक्षा सीट मोजत थांबलेली.
वीस वर्षं हेच शिकवतोय :
आधी ग्रंथ राजाला सांगत, तू कसा असावास,
दयाळू, शूर, दिल्या शब्दाला जागणारा.
मग एकानं लिहून टाकलं, लागलं तर शब्द मोड.
मग कुणीतरी विचारलं, तू नसलास तर काय उरतं?

इराबत्तीनं एक ओळ मोकळी सोडून
ठळक लिहिलंय : राजा.
त्याखाली : राज्य.
आणि बाण काढून,
काना पडला, सर. ज मोडून पुढच्याला जोडला.
आमच्याकडं धागा तुटला की असंच सांधतात.

आदर्श उत्तरात मुद्दे दहा.
ह्यातले जुळतात तीन.
३ लिहिला. वाळेपर्यंत बघत बसलो.

पुरवणी बांधलेला दोरा कॉलेजचा नव्हता.
निळा, पक्क्या रंगाचा.
गाठ सोडवून पाहिली, सुटेना.